सहा दिवसांनी ज्युनिअर

महाड
५ मे २०२४

प्रिय सुरैय्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील अशी मला भीती आहे, म्हणून आधीच सांगते, भांडायला लिहिलेलं नाही. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू हसून वेळ मारून नेतेस. गेल्या वर्षी मार्चमध्ये संपाच्या वेळी तेच झालं आणि चौदा महिने आपण बोललेलो नाही. पत्रात मला निदान खोडता येतं, आणि तुला मध्येच हसून टाळता येत नाही.

आता कामाचं. १ नोव्हेंबर २००५ पासून जे सरकारी नोकरीत लागले त्यांना जुनी पेन्शन नाही, हे गाणं आपण एकोणीस वर्षं ऐकतोय. यंदा सरकारने दार जरा किलकिलं केलंय. ज्यांच्या भरतीची जाहिरात त्या तारखेआधी निघाली होती, पण जे रुजू नंतर झाले, त्यांना एकदाच पर्याय देता येईल. मुदत सहा महिने, म्हणजे जुलै संपेपर्यंत. मी नेमकी त्यातली.

आमच्या ऑफिसातला हरेश क्लार्क म्हणतो, मूळ नेमणूक आदेश हवा, ज्यात जाहिरातीची तारीख आहे आणि खाली गोल शिक्का आहे. माझा आदेश २०२१ च्या पुरात गेला. अविनाशच्या बदलीमागे मी महाडला आले आणि सगळे महत्त्वाचे कागद कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवले, एवढं माझं शहाणपण. पाणी ओसरल्यावर त्यांचा लगदा हातात आला. ऑफिसातली माझी फाइलही त्याच पाण्यात होती.

पण तो आदेश आपल्या सातजणींचा एकच होता. एका कागदावर सात नावं, तिसरं माझं, पाचवं तुझं. तुझ्या प्रतीची झेरॉक्स अटेस्ट करून पाठव. तू कागद जपणारी बाई आहेस. अदीबचं पोलिओच्या डोसांचं कार्डसुद्धा तुझ्याकडे अजून असेल, आणि तो पठ्ठ्या आता दोह्याला नोकरी करतो.

कधीकधी हसू येतं गं. दोघींचं नर्सिंगचं शिक्षण एक, पनवेलचा वॉर्ड एक, बेसिक एक. तू २७ ऑक्टोबरला रोजा धरून रुजू झालीस. मी २ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला, सासूबाईंनी धरलेल्या मुहूर्तावर, नवी साडी नेसून. साडेतीन मुहूर्तांतला तो अर्धा, आणि त्याने माझी पेन्शन मात्र अख्खी खाल्ली. सहा दिवसांनी मी ज्युनिअर, ती जन्माची ज्युनिअर. तुला निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्मे घरबसल्या येतील, आणि नव्या पेन्शनचे पैसे शेअर बाजारात, म्हणून मी म्हातारपणी पेपरात तो वर गेला की खाली ते बघत बसेन.

संपाच्या वेळी मी जे बोलले त्याबद्दलही लिहिणार होते, पण ते आज नाही जमत. कागद तेवढा पाठव.

तुझी
रमा


पनवेल
१९ मे २०२४

प्रिय रमा,

पत्र फोडलं. दोनदा वाचलं. मग पर्समध्ये घालून ड्युटीवर नेलं आणि दुपारच्या चहाला पुन्हा वाचलं. तुझं अक्षर अजून आपल्या डॉक्टरांपेक्षा वाईट आहे. चौदा महिने तू मोजलेस. मी मोजले नाहीत असं म्हटलं तर ते खोटं होईल.

सरकारने तुमच्यासाठी दार उघडलं हे ऐकून खूप बरं वाटलं. खुदा करो आणि तुझं काम होवो. मात्र माझी प्रत कुठे आहे ते आत्ता आठवत नाही. हॉस्पिटलचं क्वार्टर सोडून फ्लॅटवर आलो तेव्हा बांधलेल्या दोन पेट्या अजून माळ्यावर तशाच आहेत, आणि अलीला तर माळ्यावर चढवायची सोय नाही, त्याचे गुडघे गेलेत. त्यापेक्षा मी इथल्या ऑफिसातूनच प्रत काढते. ती जास्त पक्की धरतील. तू काळजी करू नकोस.

इथलं सांगते. अरीबा म्हणून नवी सिस्टर आली आहे, कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने. उरणकडून दोन गाड्या बदलून येते. परवा बाळंतपणाच्या टेबलाशी आम्ही तिघी होतो, मी, तुझ्यासारखीच बिनपेन्शनची अरुंधती आणि ही पोरगी. बाळ रडेना. आम्ही दोघी सीनिअर बघत राहिलो आणि अरीबाने त्याला रडवलं. नातेवाईक पेढे घेऊन आले ते आधी माझ्याकडे, कारण मी मोठी सिस्टर. त्या बाळाला काय ठाऊक की ज्या हाताने त्याला जागं केलं त्याला माझ्या पगाराचा तिसरा हिस्साही मिळत नाही.

तुझ्या-माझ्या भांडणाची गोष्ट तिला अरुंधतीने सांगितली असावी. मला म्हणते, “मॅडम, तुम्ही दोघीही परमनंट. मग भांडण कसलं?” मी म्हटलं, रमालाच विचारते. काय सांगू ते कळव.

तुझ्या सासूबाईंची, काकूंची, तबियत कशी आहे? त्यांना माझा सलाम सांग.

तुझी
सुरैय्या


महाड
९ जून २०२४

प्रिय सुरैय्या,

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण इथे सरकारने दिलेत तेच सहा महिने आणि त्यातले चार संपले. तू ऑफिसात विचारलंस का? माळ्यावर अलीभाईंना नको, कुणालाही चढव. हवं तर मी येते आणि चढते.

अरीबाला सांग, भांडण असं असतं: पंगतीत माझ्या शेजारणीच्या पानात जिलेबी आहे आणि माझ्या नाही, हे मला दिसतं. दाराबाहेर कोण उभं आहे ते मात्र दिसत नाही. लिहिताना मलाही लाज वाटली. संपाच्या मोर्चात आम्ही “एकच मिशन, जुनी पेन्शन” ओरडत होतो तेव्हा आमच्या वॉर्डातल्या कंत्राटी पोरी आत डबल ड्युटी करत होत्या. त्यांना संपावर जायचीही सोय नव्हती, दुसऱ्या दिवशी नाव कटलं असतं. आम्ही परत आल्यावर त्यांनी आम्हाला पाणी दिलं.

आईंची तब्येत ठीक आहे. तू विचारलंस म्हणून सांगते, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पगाराची स्लिप आली आणि त्यात नव्या पेन्शनची ती कपात दिसली की माझी जीभ सुटते. “तुमच्या पाडव्याने माझं म्हातारपण खाल्लं,” असं मी त्यांना किती वेळा सुनावलंय त्याचा हिशेब नाही. आधी त्या उत्तर द्यायच्या. आता नुसत्या बघतात. आणि गेली आठ-दहा वर्षं त्या पाडव्याला गोड खात नाहीत. ताट वाढलं की वाटी बाजूला सारतात. मी एकदाही आग्रह केलेला नाही.

हे काम झालं तर या दिवाळीला त्यांना मी हाताने भरवीन असं ठरवलंय. म्हणून माझी घाई. पेन्शन मिळायला अजून तेरा वर्षं आहेत, आई तेवढ्या थांबायच्या नाहीत.

तुझी
रमा


पनवेल
२४ जून २०२४

प्रिय रमा,

इथल्या ऑफिसात तीन खेपा घातल्या. जुने गठ्ठे नव्या इमारतीत हलवताना कुठे गेले ते कुणालाच माहीत नाही. क्लार्क बाई म्हणाल्या, अर्ज करा, शोधू. कधी शोधतील ते मी विचारलं नाही.

मग माळ्यावरून पेटी काढलीच. प्रत मिळाली. झेरॉक्स सोबत आहे, आमच्या मेडिकल ऑफिसरांनी अटेस्ट केलीय. जाहिरातीची तारीख स्पष्ट आहे, तुझं नाव स्पष्ट आहे. खाली जरा कोरं आलंय, ते मशीनचं काहीतरी असेल. एवढ्यावर चालून जाईल.

काकूंना भरव, रमा. दिवाळीची वाट कशाला बघतेस? आजच भरव.

तुझी
सुरैय्या


महाड
४ जुलै २०२४

प्रिय सुरैय्या,

झालं! हात दाखवून अवलक्षण. तुझी झेरॉक्स हरेशने परत केली. शिक्का अर्धाच आलाय. गोल शिक्क्याची डावी बाजू आहे आणि उजवीकडे स्वच्छ पांढरं, जसं काही चंद्राला खंडग्रास ग्रहण लागलं. हरेश म्हणतो, “मॅडम, वर पाठवलं तर ते म्हणतील कागद जोडून केलाय.” तुझ्या झेरॉक्सवाल्याला दोन चांगल्या शिव्या घाल आणि माझ्याकडून तिसरी. आता सरळ मूळ प्रतच पाठव, स्पीड पोस्टाने. दाखवून लगेच परत करते, तळहातावर जपेन. सव्वीस-सत्तावीस दिवस राहिलेत फक्त.

आता जे मे महिन्यात लिहायचं राहिलं ते लिहिते. संपाच्या वेळी तू वॉर्डात थांबलीस म्हणून मी तुला फितूर म्हटलं. “तुझी भाकरी भाजली, आता तुला आमच्या चुलीशी काय,” असंही म्हटलं. त्या आठवड्यात तुझ्या वॉर्डात अकरा बाळंतपणं झाली हे मला नंतर अरुंधतीकडून कळलं. तू जिथे असायला हवी होतीस तिथेच होतीस. माझी उचलली जीभ, लावली टाळ्याला. माझं चुकलं, सुरैय्या. हे फोनवर म्हणायला मला सोळा महिने जमलं नाही.

आणि मी हेही विसरले होते की मी रुजू झाल्यावर त्या पहिल्या आठवड्यात तुझी ईद आली, तुझी ड्युटी मी केली आणि तू मला शीरखुर्म्याचा डबा आणून स्वतःच्या हाताने वाढलास. बारा तासांत मला इंजेक्शनचा ट्रे कुठे असतो तेही माहीत नव्हतं. तेव्हा कोण सीनिअर आणि कोण ज्युनिअर होतं? ज्या बाईने आपल्याला असं वाढलं तिला फितूर म्हणताना माझी जीभ झडली कशी नाही?

मूळ प्रत पाठव. वाट बघते.

तुझी
रमा


पनवेल
९ जुलै २०२४

रमा,

मूळ प्रत सोबत आहे. ती परत पाठवू नकोस.

झेरॉक्सवाल्याची चूक नव्हती. मी शिक्क्याशेजारी कोऱ्या कागदाची पट्टी ठेवली होती. ती पट्टी जरा जास्त सरकली आणि शिक्का कापला गेला. तिथे काय लिहिलंय ते तुला आता दिसेलच, तरी मीच लिहिते, म्हणजे मी लपवलं असं पुन्हा व्हायला नको. आपल्या ऑफिसातल्या चारुदत्त म्हात्रेभाऊंचं अक्षर आहे, निळ्या पेनने. “सिस्टर, ३१ च्या आत रुजू व्हा. १ तारखेपासून पेन्शन बंद होणार असं ट्रेझरीतून कळलंय. रमा सिस्टरांनाही आजच सांगा.”

तारीख २५ ऑक्टोबर. तुला फोन नव्हता, म्हणून त्यांनी माझ्यावर सोपवलं. म्हात्रेभाऊ दोन वर्षांनी वारले, नाहीतर त्यांनी कधीतरी तुला विचारलंच असतं.

आता का ते ऐक. माफीसाठी नाही, तुला माहीत असावं म्हणून. कंपाउंडमध्ये एकच क्वार्टर रिकामं होतं. जी आधी रुजू होईल तिला ते मिळणार, आणि दोघी एकाच दिवशी झालो तर यादीत जिचा नंबर वर तिला. तुझा तिसरा, माझा पाचवा. मी तेव्हा तळोज्याला दिराच्या घरात एका खोलीत होते. अलीने सौदीहून सात महिने पैसे पाठवले नव्हते. अदीब दोन वर्षांचा, त्याला दमा. रात्री कारखान्यांचा तो वास यायला लागला की मी त्याला उभा धरून खिडकी बंद करून बसायचे आणि त्याची छाती वाजताना ऐकायचे. मला ते क्वार्टर हवं होतं. तू विचारशील, मग मी २७ ला रुजू झाल्यावर क्वार्टर तर नावावर झालं, त्यानंतर चार दिवस होते, तेव्हा का नाही सांगितलं? हाच प्रश्न मी स्वतःला विचारत आलेय. सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तुला कधी कळलं. मी मनाची समजूत घातली की अफवा असेल, सरकारात अशा रोज उठतात. नंतर नियम खरंच आला आणि झाकली मूठ मी झाकलीच ठेवली.

आणखी एक आहे, ते सगळ्यात वाईट. २६ तारखेला मी तुझ्याकडे आले होते, आठवतं? तू आत चहा टाकत होतीस. काकूंनी मला विचारलं, “काय गं, पाडव्याला रुजू झाली तर चालेल ना? की लवकर जायला हवं?” हाच कागद माझ्या पर्समध्ये होता. मी म्हटलं, “चालेल की काकू, महिनाभर मुदत आहे. चांगला दिवस आहे.” त्यांनी मला विचारून ठरवलं, रमा.

संपाच्या आठवड्यात मी वॉर्डात थांबले ते बाळंतपणांसाठी, हे खरं. पण मोर्चात तुझ्याशेजारी उभं राहून पेन्शन मागायला माझी जीभ वळली नसती, हेही तेवढंच खरं. आणि तू त्याची माफी मागितलीस. तुझं पत्र वाचून मी ड्रेसिंग रूममध्ये जाऊन रडले. अरीबा दार ठोठावत होती. तिला सांगितलं, डोकं दुखतंय.

कागद लावून टाक. लोकांनी वाचलं तर वाचू दे.

सुरैय्या


महाड
१८ ऑगस्ट २०२४

सुरैय्या,

वर ‘प्रिय’ नाही, ते नजरचुकीने राहिलेलं नाही.

फॉर्म १५ जुलैला दिला. हरेशने शिक्क्याशेजारचा मजकूर वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, झेरॉक्स काढताना हे झाकू का?” मी म्हटलं, नको, राहू दे. पोचपावती मिळाली. काम होईल असं तो म्हणतो.

पाच आठवडे लिहिलं नाही, कारण रोज वेगळं वाटायचं. एका दिवशी वाटायचं, दम्याचं पोर उभं धरून बसलेली बाई मी असते तर काय केलं असतं? कदाचित हेच. दुसऱ्या दिवशी वाटायचं, तो शीरखुर्मा वाढताना हिच्या पोटात हे होतं. सगळ्यात लागलं ते वेगळंच. तू क्वार्टर मागितलं असतंस तर मी दिलं असतं. माझं भाड्याचं घर होतं, नवऱ्याची नोकरी होती. मला ते नकोच होतं. तू विचारलंच नाहीस.

तारखेवरही खूप विचार केला. ती कुणीतरी मुंबईत टेबलावर बसून ठरवली. त्या माणसाचं नावही आपल्याला माहीत नाही. त्याच्यावर कुणी ओरडलं नाही. मी ओरडले तुझ्यावर, आणि त्याहून जास्त घरातल्या म्हातारीवर, कारण तुम्ही दोघी हाताशी होतात. अरीबाने विचारलं होतं ना, भांडण कसलं? तिला हे सांग. आणि तिच्या पुढच्या ऑर्डरसाठी आम्ही इथल्या परमनंट सिस्टर सह्या गोळा करतोय, तेही सांग. किती उपयोग होईल माहीत नाही.

आता आईंचं. कित्येक वर्षं त्या एकच म्हणायच्या, “अगं, मी त्या सुरैय्याला विचारलं होतं.” आणि प्रत्येक वेळी मी म्हणायचे, “आपलं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडू नका.” मग त्या म्हणायच्या थांबल्या. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. दोनदा तोंड उघडलं. नाही जमलं. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, सुनेला आता पेन्शन मिळतेय म्हणून ती आपली समजूत काढतेय. पाडव्यालाही मी भरवलं तर त्या खातील, पण तसंच समजून खातील.

म्हणून तू ये. पेन्शनचं सरकार बघेल. क्वार्टरचं मी विसरेन, जमेल तसं, वेळ लागेल. पण हे तू स्वतः येऊन त्यांना सांग. त्या एक्क्याऐंशीच्या आहेत, फार दिवस लावू नकोस. पनवेलहून थेट एसटी आहे, स्टँडवर घ्यायला मी येईन.

एक सांगून ठेवते. त्यांना आता जवळजवळ ऐकू येत नाही आणि मशीन त्या लावत नाहीत. कानाशी बसून ओरडून सांगावं लागतं, तेही दोन-तीनदा. भिंती पातळ आहेत, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल. जाऊ दे. मी त्यांना जे जे बोलले, तेही सगळ्या बिल्डिंगने ऐकलेलं आहे.

रमा